टेबलावर पाय

परदेशातला डोंगर दिसला की मराठी माणूस आधी त्याची उंची विचारतो आणि उत्तर मिळायच्या आत कळसूबाईची सांगून टाकतो. केप टाउनच्या टेबल माउंटनची उंची १०८६ मीटर. कळसूबाईची १६४६. आमच्या साडूंनी ही वजाबाकी विमानातच करून ठेवली होती. "पाचशेसाठ मीटरनी आपण वर!" हे त्यांनी हवाई सुंदरीलाही ऐकवलं. तिने त्यांना पाणी आणून दिलं.

केप टाउनला उतरल्यावर हिशेब जरा गडबडला. कळसूबाईचं पायथ्याचं गाव मुळातच उंचावर. निम्मं काम एसटी करून देते. इथे शहर समुद्राला लागून आणि डोंगर शहराला लागून, त्यामुळे सगळीच्या सगळी उंची एकदम अंगावर येते. बंदरावर जा, बाजारात जा, ज्याच्याकडे आम्ही उतरलो त्या भाच्याच्या न्हाणीघराची खिडकी उघडा, हा समोर आडवा. माथा म्हणावा तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ तीन किलोमीटर सपाट. शिखर म्हणून बोट दाखवावं असं एक टोक नाही. शेजारच्या डेव्हिल्स पीकला टोक आहे, पलीकडच्या लायन्स हेडला आहे, आणि यजमानालाच नाही. "वरचा भाग कोणीतरी कापून नेलाय," साडूंनी पंचनामा केला.

वर जायला रोपवे आहे, तोही १९२९ पासून. पाच मिनिटांत माथा. एका डब्यात ६५ माणसं मावतात, आणि १९९७ साली नवे डबे आले तेव्हापासून डब्याची जमीन जाता जाता पूर्ण एक गिरकी घेते, म्हणजे खिडकीवरून भांडणं नकोत. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतीने आणि मेव्हणीने रोपवेच्या बाजूने कौल देऊन टाकला होता. पण साडू पडले पुण्याचे आणि गडकोटवाले. रायगडावर रोपवे झाल्यापासून त्यांनी त्या दिशेला मानदेखील वळवलेली नाही. ते एवढंच म्हणाले, "पाच मिनिटांत वर गेलो, तर घरी जाऊन सांगायचं काय?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. भाच्याने मुकाट्याने गाइडसकट 'हाफ डे हाइक' ठरवून दिली. शनिवारी सकाळी त्याला स्वतःला मात्र ऑफिसची मीटिंग निघाली. केप टाउनमध्ये राहून त्याने बरंच शहाणपण कमावलं आहे.

डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या टाफेलबर्ग रस्त्यावर आम्ही जमलो. गाइड म्हणजे पंचविशीतली एक काटक मुलगी. आमच्याखेरीज गटात होतं एक उंच डच जोडपं, दोघांच्या हातांत मिळून चार काठ्या. आणि पांढऱ्या ओढणीतल्या साठीच्या एक बाई. गाइडने आधी सगळ्यांची झडती घेतली. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, वाऱ्याचं जाकीट. हवा तिशीकडे निघालेली असताना जाकीट कशाला, असं मेव्हणीने विचारलं. गाइडने वर बोट दाखवलं. वर निळंभोर आभाळ होतं. "म्हणूनच," ती म्हणाली.

मग तिची नजर साडूंच्या पायांवर गेली. साडू सँडलवर आले होते.

"अंकल, बूट?"

'अंकल'ने साडू जागच्या जागी दुखावले. पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. याच देशात गांधीजींनी स्वतःच्या हातांनी सँडल शिवून जनरल स्मट्सला भेट दिले होते, ज्याने त्यांना तुरुंगात घातलं त्याला. आणि स्मट्सने ते वर्षानुवर्षं वापरले, हे त्यांनी खणखणीत इंग्रजीत सांगितलं. शिवाय हाच स्मट्स म्हातारपणापर्यंत हाच डोंगर चढत होता की नाही?

"चढत होता," गाइड म्हणाली. "पलीकडच्या बाजूने, कर्स्टनबॉशच्या बागेतून. त्या वाटेला त्याचंच नाव आहे. पण ते सँडल घालून चढला असं मी कुठे वाचलेलं नाही."

साडूंनी शांतपणे पाठपिशवी उघडली आणि आतून बूट काढले. बूट पहिल्यापासून होतेच. भांडण तत्त्वाचं होतं.

आमची वाट प्लाटेक्लिप घळीची. डोंगराच्या शहराकडच्या अंगाला जी एक सरळ उभी चीर दिसते, तीच. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, चढ साडेसहाशे-सातशे मीटर. म्हणजे चालण्यापेक्षा पाय उचलण्याचंच काम जास्त. दगडी पायऱ्या रचलेल्या आहेत, पण ज्याने कोणी रचल्या त्याचे गुडघे आमच्या छातीशी येत असावेत. सावली नाही. साडूंनी सूर्याकडे पाहून पूर्व-पश्चिम सांगितली आणि समुद्र भलत्याच बाजूला निघाला. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तापतो आणि आमची घळ बरोबर उत्तरेला तोंड करून उभी आहे, हे गाइडने समजावलं. "सूर्यसुद्धा उलटा ठेवलाय," साडू पुटपुटले.

पहिल्या वीस मिनिटांतच गटाची रचना ठरून गेली. पुढे डच, त्यांच्या काठ्यांचा टकटक आवाज तेवढा वरून ऐकू यायचा. मध्ये साडू, कारण पुढच्यांना गाठायचं होतं आणि मागच्यांना दाखवायचं होतं. मग आम्ही. सगळ्यात मागे त्या साठीच्या बाई, एका लयीत, एकदाही न थांबता. आम्ही दर वळणावर 'देखावा बघायला' थांबायचो तेव्हा त्या आम्हांला गाठायच्या. चौथ्या देखाव्याला माझा पाय एका सुट्या दगडावर सरकला आणि मागून आवाज आला, "हळू चल, पडशील."

आफ्रिकेच्या टोकाला, डोंगराच्या अर्ध्यात, हे वाक्य! बाई केप टाउनच्याच. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडच्या एका गावातून इथे आले, दुकान काढलं, राहिले. त्यांच्या मोहल्ल्यात असे कोकणी मुसलमान बरेच. नव्या पिढीची भाषा इंग्रजी झाली. आजोबांच्या कोकणीतून बाईंकडे उरली ती बहुतेक सगळी मुलांना दटावण्याची वाक्यं. "सगळी विसरले, पण ओरडायला तीच येते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. आमच्या दोघी बायकांनी त्यांना जागच्या जागी 'चाची' करून टाकलं आणि पुढचा चढ माझ्या चालण्यावर दोन भाषांत टीका ऐकत झाला.

दम खायला इतिहासासारखी सोय नाही. गाइडला ते पक्कं ठाऊक होतं. मेव्हणी खाली बसलेली दिसली की ती एक सन सांगायची. "१५०३. अंतोनियो द साल्दान्या. पोर्तुगीज. डोंगर चढल्याची पहिली लेखी नोंद त्याची, याच घळीतून."

"जिंकायला आला होता?" साडू.

"हरवला होता. आपण कुठे येऊन पडलोय ते कळावं म्हणून वर चढला."

"खाली विचारायला कोणी नव्हतं का?" सौभाग्यवतीची शंका.

"होते की. खोईखोई लोक शेकडो वर्षांपासून गुरं चारत होते," गाइड हसून म्हणाली. "त्यांची लेखी नोंद नाही, कारण ते हरवले नव्हते."

पुढच्या टप्प्याला १७९७. लेडी अ‍ॅन बर्नार्ड, इथल्या गव्हर्नरच्या सचिवाची बायको, वर जाऊन आली. त्या काळच्या घोळदार झग्यांची आठवण काढून मेव्हणी उठली आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून चालू लागली. हे सन सांगणं फुकटचं नव्हतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक सनामागे गाइड आम्हांला पन्नासेक मीटर वर नेत होती.

दगडाचंही तसंच. साडूंनी एका कातळावर हात थोपटून "आपला सह्याद्री म्हणजे..." अशी सुरुवात केली. गाइडने विचारलं, किती जुना? साडूंना पाठ होतं: लाव्ह्याचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षं. गाइड म्हणाली, हा वालुकाश्म चाळीस कोटींच्याही मागचा. साडूंनी हात काढून घेतला. वयाने एवढ्या मोठ्याला थोपटणं बरं दिसत नाही.

चाचींनी सांगितलं ते मात्र दम खायला नव्हतं. या घळीतून उतरणारा ओढा खाली शहराच्या वेशीवर जातो. डच कंपनीच्या राज्यात गुलाम बायका तिथे साहेबांचे कपडे धुवायच्या. डोक्यावर गाठोडी घेऊन यायचं, दिवसभर दगडावर आपटायचं, परत जायचं. आणि हे गुलाम फक्त मादागास्कर-मोझांबिकचे नव्हते. बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही माणसं विकत आणलेली होती. "हिंदुस्थानातून इथे पहिल्यांदा आलेल्यांनी तिकीट काढलेलं नव्हतं," चाची म्हणाल्या. थोडा वेळ कोणी देखावा बघायला थांबलं नाही.

मग मलाच राहवेना. मी गोखल्यांना काढलं. नामदार गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी याच केप टाउनच्या धक्क्यावर उतरले आणि त्यांना घ्यायला गांधीजी हजर होते. पुढे जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि मराठी हिंदू मंडळींना त्यांचं भाषण मराठीतून ऐकायचं होतं. गांधीजींनी आग्रह धरला, गोखले मराठीत बोलले आणि त्याचा हिंदुस्थानी तर्जुमा स्वतः गांधीजींनी केला. मराठीला इतका मोठा दुभाषा पुन्हा लाभला नाही.

"आणि हा डोंगर चढले का ते?" चाचींनी विचारलं.

"छे," साडू वरूनच ओरडले. "मवाळ पक्ष!"

जहाल पक्ष त्या वेळी एका दगडावर पाय पसरून बसला होता आणि स्वतःच्या पिंडऱ्या चोळत होता.

'अजून किती?' या प्रश्नाला जगातल्या सगळ्या गाइडांचं एकच उत्तर असतं: दहा मिनिटं. आमच्या गाइडने ते आम्हांला चार निरनिराळ्या उंचींवर दिलं. पाचव्यांदा विचारणार तोच खालून धडाड्‌दिशी आवाज आला. साडू ताडकन उठून उभे राहिले. सिग्नल हिलवरून रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून रोज दुपारी ठीक बाराला तोफ उडवतात. १८०६ पासूनची रीत आहे. "गडावर मानाचे पाहुणे येत असले की तोफ द्यायचेच," साडू म्हणाले. सौभाग्यवतीने घड्याळात पाहिलं. अर्ध्या दिवसाचे पैसे भरले होते, तो अर्धा दिवस शासकीय इतमामाने संपला होता आणि माथा अजून दहा मिनिटांवर होता.

शेवटच्या टप्प्यात घळ अरुंद होते, दोन्ही बाजूंनी कातळाच्या भिंती जवळ येतात आणि एकदम सावली आणि गार वारा. तिथे आम्ही धपाटे सोडले. वास सुटताच समोरच्या खडकावर एक गुबगुबीत तपकिरी प्राणी येऊन बसला. शेपूट नाही, मान नाही, चेहऱ्यावर पूर्ण हक्काचा भाव. त्याला इथे डॅसी म्हणतात. गाइडने खायला घालायची सक्त मनाई केली आणि माहिती दिली की जिवंत प्राण्यांत याचा जवळचा नातलग म्हणजे हत्ती.

मेव्हणीला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "नात्यात असंच असतं. एकाचं एवढं मोठं होतं आणि दुसरा दुसऱ्याच्या डब्याकडे बघत बसतो."

या डोंगरावर आपल्याकडचंही एक घराणं नांदलं आहे. १९३० च्या दशकात पायथ्याच्या प्राणिसंग्रहालयातून हिमालयन थारची, म्हणजे हिमालयातल्या रानबोकडाची, एक जोडी निसटली. कुंपणाबाहेर डोंगर दिसला, चढली. त्यांची प्रजा कड्याकड्यांवर वाढली. या डोंगरावर आणि खालच्या द्वीपकल्पावर मिळून झाडाझुडपांच्या बावीसशेच्या वर जाती आहेत. 'फिनबॉस' नावाची ही झुडुपं दिसायला रुक्ष, पण त्यांतल्या कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. आणि थार ती मन लावून खाऊ लागले. शेवटी सरकारने त्यांना गोळ्या घालायला सुरुवात केली आणि त्यावरून शहरात मोठा वाद झाला. साडूंना देशबांधवांचा अभिमान आणि दुःख एकाच वेळी अनावर झालं. सौभाग्यवती एवढंच म्हणाली, "ते चढायचे, पण चढताना बोलायचे नाहीत."

घळीतून डोकं वर काढलं आणि एकदम सगळं संपलं. चढ नाही, पायरी नाही. समोर सपाट खडक, झुडुपं, ओळीने लावलेल्या पाट्या. साडूंनी चारी बाजूंना पाहिलं. देऊळ नाही, टाकं नाही, भगवा नाही, ताकवाल्या मावशी नाहीत. मात्र समुद्र असा काही पसरला होता की क्षणभर त्यांची वजाबाकी बंद पडली. खाली टेबल बे, त्यात चपटं रॉबेन बेट. मंडेलांनी सत्तावीसपैकी अठरा वर्षांचा तुरुंगवास तिथे काढला. तिथून हा डोंगर रोज दिसत असणार. आम्ही सगळे गप्प झालो. डचांनीसुद्धा काठ्या खाली ठेवल्या.

मग खरा पेच आला. घळीच्या डोक्यावर दोन वाटा फुटतात. उजवीकडे पंधरा मिनिटांवर रोपवेचं स्टेशन, उपाहारगृह, गार पेय. डावीकडे अर्ध्या-पाऊण तासावर मॅक्लिअर्स बीकन, दगडांचा एक ढीग; आणि १०८६ मीटर ही उंची त्या ढिगाची. रोपवेचं स्टेशन भरतं १०६७.

"म्हणजे एकोणीस मीटर बाकी?" साडूंचा चेहरा उतरला. "आणि लोकांना सांगायचं काय, डोंगर चढलो, पण जवळजवळ?"

गाइडने आग्नेयेकडे पाहिलं. निळंभोर आभाळ तसंच होतं, फक्त कड्याच्या काठावर पांढरी झिरमिर दिसत होती. तिने मान हलवली. बीकन रद्द.

साडूंची समजूत घालायला तिने त्या ढिगाचीच गोष्ट सांगितली. १७५२ साली लाकाय नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने केपला पृथ्वीचा आकार मोजला. हाच डोंगर त्याला इतका आवडला की त्याने दक्षिणेकडच्या आकाशात याच्या नावाचं एक तारकामंडळही ठेवून दिलं. पण मोजणीचं उत्तर आलं विचित्र: दक्षिणेकडून पृथ्वी भलतीच लांबट. हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणातले जॉर्ज एव्हरेस्ट १८२० च्या सुमारास हवापालटाला केपला आले होते. शिखराला ज्यांचं नाव दिलं तेच हे एव्हरेस्ट. त्यांनी जुन्या मोजणीच्या जागा पाहिल्या आणि शंका काढली: हे डोंगर आपल्या वजनाने ओळंबा स्वतःकडे ओढतात, दोरी जिथे सरळ वाटते तिथे ती सरळ नसते. मग थॉमस मॅक्लिअर या इथल्या राजज्योतिर्विदाने १८४० च्या दशकात सगळं पुन्हा मोजलं आणि वर खूण म्हणून दगड रचले.

"थोडक्यात, अंकल," गाइड म्हणाली, "डोंगराजवळ मोजमाप जरा इकडे-तिकडे होतं. हे विज्ञान आहे."

दहा मिनिटांचा आणि अर्ध्या दिवसाचा उलगडा मला तिथे झाला.

स्टेशनाजवळ रोपवेने आलेली गर्दी होती. इस्त्रीचे कपडे, अत्तरांचे वास, न मळलेले बूट. साडूंच्या चालण्यात फरक पडला. ते उगाचच लंगडू लागले. कोणी घामाकडे पाहिलं की थांबून, कोणी विचारलं नसताना, "फ्रॉम डाउन. वॉकिंग," असं सांगू लागले. खालपासून सोसलेल्या प्रत्येक पायरीचा मोबदला ते तिथे रोखीत वसूल करत होते, आणि खरं सांगायचं तर आम्हीही मान जरा ताठच केली होती.

तेवढ्यात वारा फिरला. आग्नेयेचा वारा फॉल्स बेवरची ओल घेऊन डोंगराला धडकतो, वर चढता चढता गार होऊन तिचा ढग होतो आणि शहराकडे उतरताना ऊब लागून विरतो. यालाच केपचे लोक टेबलावरचा कपडा म्हणतात. व्हान हुंक्स नावाचा म्हातारा समुद्री चाचा आणि सैतान यांच्यात पाइप ओढायची पैज लागली आहे, त्याचा हा धूर, अशी गोष्ट शहरात पोरासोरांना ठाऊक आहे. आम्हांला दिसलं ते असं: पाठीमागच्या काठावरून पांढरं काहीतरी फुगत आलं, माथ्यावर पसरलं आणि पुढच्या कड्यावरून खाली सांडू लागलं. सौभाग्यवती भान विसरून ओरडली, "अहो, दूध उतू जातंय!" तिचा हात हवेत गॅसची कळ शोधत होता.

आणि भोंगा झाला. वारा वाढला की रोपवे बंद करतात, त्याआधी सगळ्यांना परत बोलवायचा हा इशारा. बघता बघता जाकिटांच्या पिशव्या उघडल्या, इस्त्रीवाले आणि घामवाले एकाच रांगेत आले. आमचं उतरणं रोपवेनेच ठरलेलं होतं. साडूंनी तत्त्वाचा प्रश्न काढला. रायगडचं नावही घेतलं. "खाली चालत जायचं तर मी येते," गाइड म्हणाली, "पण उतार गुडघ्यांवर येतो." साडूंनी आपल्या गुडघ्यांशी विचारविनिमय केला. मग ते रांगेत माझ्याही पुढे उभे राहिले.

डब्यात शिरताना सूचना झाली: कडेच्या भिंतीला धरू नका, जमीन फिरते. पण साडूंची अर्धी हयात पुणे-मुंबई डेक्कन क्वीनच्या दारात गेली आहे. गाडी हलली की हात आपोआप दांड्याकडे जातो. त्यांनी भिंतीची कड घट्ट पकडली. डबा निघाला, जमीन फिरू लागली आणि आम्ही सगळे हळूहळू सरकत निघालो. साडू तेवढे पायांची पावलं टाकत जागच्या जागी राहिले. त्यांच्यासमोरून एकेक उतारू येई आणि पुढे जाई. साडूंनी संधी वाया घालवली नाही. आलेल्या प्रत्येकाला ते आमची चढाई जिथवर झाली होती तिथून पुढे सांगू लागले. एका बाईला टाफेलबर्ग रस्ता मिळाला. तिच्यामागच्या जपानी आजोबांना पायऱ्या आणि ऊन. एका तरुण जोडप्याला तोफ. डचांच्या वाट्याला, ते स्वतः चढून आलेले असूनही, डॅसी आला.

एक पूर्ण गिरकी होईतो पाच मिनिटं संपत आली होती आणि सगळ्यात शेवटी त्यांच्यासमोर चाची आणि गाइड आल्या. साडू रंगात आले होते. वारा सुटलेला, ढग अंगावर, पण आपण मागे हटलो नाही, आणि मग तो दगडांचा ढीग, त्याला हात लावून आपण... "एक हजार शहाऐंशी!" त्यांनी हात वर केला.

चाचींनी गाइडकडे पाहिलं. गाइडने खिडकीतून मागे ढगात गेलेल्या डोंगराकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ओळंबा."